न पुसता येणाऱ्या नोंदी : संगणकातील कुलूपबंद फाइलींविषयी

वसईच्या गिरीज, भुईगाव, निर्मळ, गास या पंचक्रोशीतील वाचकांकडून संगणकासंबंधी ज्या पृच्छा येतात, त्यांत एक पृच्छा थोड्याफार शब्दभेदाने वारंवार येत असते. ब्राउझरमधील हिस्टरी पुसली, कुकीज पुसल्या, रीसायकल बिनही रिकामी केली. तथापि कोणा जाणत्याने दाखविलेल्या एका फोल्डरात 'इंडेक्स डॉट डॅट' अथवा 'वेबकॅश' अशा नावाची एक फाइल उरतेच, तिच्यात आपण पाहिलेल्या संकेतस्थळांची जंत्री असते असे कानावर आलेले असते, आणि ती काढून टाकू जाताच 'ही फाइल अन्यत्र वापरात आहे' असा नकार पडद्यावर उमटतो. हा नकार वाचून कोणाला संगणकात विषाणू शिरल्याची शंका येते, कोणाला आपल्यावर पाळत ठेवली जात असल्याची. आणि या दोन्ही शंकांपोटी मनुष्य इंटरनेटवरून मिळेल ते फुकट अवजार उतरवून घेतो, आणि त्या अवजाराने मूळच्या फाइलीपेक्षा कितीतरी मोठी हानी होते.

आपल्याकडील घरांची स्थिती ध्यानात घेता ही चिंता अनाठायी म्हणता येत नाही. ओटीवर ठेवलेला एकच संगणक आजोबा वाडीचा सातबारा पाहण्यासाठी, सून बँकेच्या व्यवहारासाठी, नातू महाविद्यालयाच्या अर्जासाठी आणि सर्व कुटुंब परदेशातील आप्तांशी बोलण्यासाठी वापरीत असते. अशा सामाईक यंत्रात कोणाची नोंद कोणाच्या दृष्टीस पडावी हा प्रश्न घराघराचा आहे. म्हणून या फाइलींचे स्वरूप, त्या काढण्याची निर्धोक रीत, ती रीत कोणी वापरू नये याची मर्यादा आणि फाइल गेल्यावरही ज्या नोंदी उरतात त्यांची कल्पना, एवढे येथे देत आहोत.

ही फाइल कोणती, आणि तिला कुलूप कोणाचे?

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या नवव्या आवृत्तीपर्यंत, पाहिलेली पाने, साठवलेली चित्रे आणि कुकीज यांची सूची 'इंडेक्स डॉट डॅट' नावाच्या फाइलींत लिहिली जात असे. अशी फाइल एकच नसून प्रत्येक वापरकर्त्यामागे निरनिराळ्या फोल्डरांत निरनिराळ्या असत. २०१२ साली विंडोज ८ बरोबर दहावी आवृत्ती आली तेव्हा ही पद्धत मागे पडली आणि सर्व नोंदी 'वेबकॅशव्ही०१ डॉट डॅट' या एका संचात जाऊ लागल्या. इंटरनेट एक्सप्लोररला १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने रीतसर निरोप दिला. तरीही विंडोज १० व ११ असलेल्या संगणकात हा संच आढळतो, कारण विंडोजचे इतर काही भाग आणि काही प्रोग्राम इंटरनेटशी बोलताना त्याच जुन्या यंत्रणेचा आश्रय घेतात. येथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: या नोंदींत केवळ संकेतस्थळेच येतात असे नाही, तुम्ही आपल्याच संगणकावरील एखादे पत्र किंवा छायाचित्र उघडले असल्यास त्याचाही पत्ता तेथे लिहिला गेलेला असू शकतो.

आता कुलपाविषयी. पेढीवरचा मुनीम रोजकीर्द उघडी ठेवून लिहीत बसला असता ती वही त्याच्या हाताखालून कोणी ओढून नेत नाही, आणि नेलीच तर अर्धवट नोंदींमुळे हिशेबाचा घोटाळा होतो. हा प्रकार नेमका तसाच आहे. तुम्ही आपल्या नावाने संगणकात प्रवेश करताच विंडोजची एक अंतर्गत प्रक्रिया ही फाइल लिहिण्यासाठी उघडते आणि तुम्ही बाहेर पडेपर्यंत ती हातची सोडीत नाही. जुन्या विंडोजमध्ये तर प्रत्यक्ष डेस्कटॉप दाखविणारा प्रोग्रामच 'इंडेक्स डॉट डॅट' धरून बसे, त्यामुळे ब्राउझर बंद करूनही उपयोग होत नसे. नकाराचा संदेश म्हणजे विषाणूची खूण नव्हे, आणि पाळतीची तर नव्हेच. ज्याचे मन एवढ्याने शांत होत नसेल, त्याने स्टार्ट मेनूतून 'रिसोर्स मॉनिटर' उघडावा, त्यातील 'सीपीयू' या पानावर 'असोसिएटेड हँडल्स' या चौकटीत फाइलीच्या नावाची सुरुवातीची अक्षरे टंकावीत. ती फाइल कोणत्या प्रक्रियेच्या ताब्यात आहे ते तत्काळ दिसते. विंडोज १० व ११ मध्ये तेथे बहुधा 'टास्कहोस्टडब्ल्यू' हे विंडोजच्याच एका सेवकाचे नाव आढळेल.

क्रोम, एज आणि फायरफॉक्स यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या भ्रमणनोंदी त्यांच्या स्वतःच्या फोल्डरात असतात आणि त्यांवरील कुलूप ब्राउझर चालू असेतोवरच असते. ब्राउझर बंद करूनही ते सुटत नसेल तर तो पडद्यामागे चालू राहिलेला असतो. क्रोममध्ये 'पार्श्वभूमीवर ॲप्स चालू ठेवा' आणि एजमध्ये 'स्टार्टअप बूस्ट' ही सोय सेटिंग्जमधून बंद केली की तो खरोखरीच बंद होतो.

पुसण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि कोणाला नाही

कृती सांगण्यापूर्वी हे प्रकरण घेण्याचे कारण असे की, फाइल एकदा गेली की ती परत आणणे वाचकाच्या हाती राहत नाही, आणि काही प्रसंगी ती जाणे हाच गुन्हा ठरू शकतो.

आपल्या मालकीच्या संगणकावर आपल्याच नावाखाली साठलेल्या नोंदी पुसण्यास कोणाची परवानगी लागत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला आहे, आणि आपण काय वाचतो हे दुसऱ्यास कळू न देण्याची इच्छा ही अपराधी मनाची खूण आहे अशी समजूत ज्या घरांत अद्याप रूढ आहे, तेथे ती सोडून देणे इष्ट होय. परंतु पुढील चार प्रसंगी हात आखडता घ्या.

- पोलिसांची नोटीस, न्यायालयीन दावा किंवा चौकशी चालू असताना. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ प्रमाणे गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. ही संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. त्यापूर्वी भारतीय दंड संहितेत याच आशयाचे कलम होते. वाडीच्या वाटणीचा दिवाणी दावा चालू असून त्यासंबंधीचा पत्रव्यवहार त्या संगणकावरून झाला असेल, तर वकिलांना विचारल्याखेरीज काहीही साफ करू नका.
- तुमचीच फसवणूक झाली असेल तेव्हा. बनावट संकेतस्थळावर पैसे गेले की लाजेने किंवा भीतीने माणूस प्रथम हिस्टरी पुसतो. आम्हाला सर्वांत अधिक तळमळीने सांगायचे आहे ते याच वाचकाला. त्या नोंदी तुमच्या बाजूचा पुरावा आहेत. प्रथम १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार दाखल करा, त्या पानाचा पत्ता व व्यवहाराचा क्रमांक यांची छायाचित्रे घ्या, आणि तक्रारीची पोच मिळेपर्यंत संगणक आहे तसा राहू द्या. विलंबाने पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात, म्हणून हे त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात करावयाचे आहे.
- यंत्र कार्यालयाचे, पतसंस्थेचे किंवा गृहनिर्माण संस्थेचे असेल तेव्हा. सचिव किंवा खजिनदार म्हणून तुम्ही त्यावर बसत असाल, तरी त्यातील दप्तर संस्थेचे आहे. पदभार सोडताना आपली वैयक्तिक पाने पुसावयाची झाल्यास नव्या पदाधिकाऱ्याच्या समक्ष, कार्यवृत्तात तशी नोंद करून पुसावीत.
- तुम्ही सायबर कॅफे चालवीत असाल तेव्हा. सायबर कॅफेंचा विषय मुंबई उच्च न्यायालयापुढे २००१ सालीच आला होता आणि न्यायालयाने समितीही नेमली होती; पुढे केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी २०११ मध्ये माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार ग्राहकाची ओळख पटवून नोंदवही ठेवणे आणि प्रत्येक ग्राहकाने पाहिलेल्या संकेतस्थळांच्या नोंदी किमान एक वर्ष जतन करणे चालकावर बंधनकारक आहे. म्हणजे घरी जी कृती निर्दोष आहे, तीच येथे नियमभंग ठरते.

पोलीस तपासात संगणक जप्त करीत असतील तर घाबरून त्यातील काही काढू नका. आपले हक्क मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण व्हावयाचे असते, आणि जप्त वस्तूंच्या यादीची साक्षीदारांच्या सहीची नक्कल तुम्हाला मिळाली पाहिजे. हार्ड डिस्कची 'हॅश व्हॅल्यू', म्हणजे तिच्यातील मजकुरात नंतर फेरफार झाला नाही हे पडताळण्याचा अंक, पंचनाम्यात लिहून घेण्याची विनंतीही अवश्य करा.

खरोखरीच गरज आहे काय?

वेबकॅशची फाइल घरातील दुसरा मनुष्य सहज उघडून वाचू शकत नाही. तिला विशेष अवजारे लागतात. ज्या नोंदी कुटुंबीयांच्या दृष्टीस पडतात त्या ब्राउझरच्या हिस्टरीतील, पत्त्याच्या पट्टीत आपोआप उमटणाऱ्या सूचनांतील आणि डाउनलोड्स फोल्डरातील असतात. त्या पुसण्यासाठी क्रोम, एज किंवा फायरफॉक्स उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबाव्यात. समोर येणाऱ्या चौकटीत काळाची मर्यादा निवडावयाची असते, आणि येथेच बहुसंख्य वाचक फसतात: आरंभी तेथे अल्प अवधी निवडलेला असतो, तो बदलून 'ऑल टाइम' केल्याखेरीज जुने काहीच जात नाही. त्याच चौकटीत 'पासवर्ड्‌स' या शब्दापुढे खूण असेल तर ती काढा, नाहीतर जतन केलेले सर्व पासवर्ड एका क्षणात जातील. एवढ्याने बहुतेकांचे काम भागते.

कुलूपबंद फाइल काढण्याचे खरे प्रसंग दोन: ती बिघडून अवास्तव फुगली असेल व संगणक मंद झाला असेल, किंवा यंत्र दुसऱ्या हाती जावयाचे असून आपल्या मागे काही राहू नये अशी इच्छा असेल. दुसऱ्या प्रसंगी याहून चांगला उपाय आहे, तो लेखाच्या अखेरीस पाहा.

निर्धोक रीत : दुसऱ्या खात्यातून

कुलूप तोडावयाचे नसते. ज्या खात्याच्या नोंदी काढावयाच्या, ते खाते त्या वेळी बंद असले म्हणजे कुलूप आपोआप सुटलेले असते. विंडोज १० व ११ साठी कृती अशी:

१. सेटिंग्जमधील 'अकाउंट्स' या भागात जाऊन 'अदर यूजर्स' येथे नवे खाते निर्माण करा. मायक्रोसॉफ्टचा ईमेल मागितला गेल्यास 'या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही' आणि पुढे 'मायक्रोसॉफ्ट खात्याविना वापरकर्ता जोडा' हे पर्याय घ्या.
२. त्या नव्या खात्याचा प्रकार बदलून 'ॲडमिनिस्ट्रेटर' करा. याखेरीज दुसऱ्याच्या फोल्डरात प्रवेशाची मुखत्यारी मिळत नाही.
३. आपल्या नेहमीच्या खात्यातून 'साइन आउट' व्हा आणि त्यानंतर संगणक 'रिस्टार्ट' करा. नुसते 'स्विच यूजर' केल्यास जुने खाते आतून जागेच राहते आणि कुलूपही राहते.
४. संगणक सुरू झाल्यावर केवळ नव्या खात्यातच प्रवेश करा.
५. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून लपविलेल्या गोष्टी दाखविण्याचा पर्याय चालू करा.
६. सी ड्राइव्ह, 'यूजर्स', तुमच्या जुन्या खात्याचे नाव, 'ॲपडेटा', 'लोकल', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'वेबकॅश' या क्रमाने आत शिरा. वाटेत परवानगीची चौकट आली तर 'कंटिन्यू' म्हणा.
७. 'वेबकॅश' या फोल्डराच्या आतील फाइली डिलीट करा, फोल्डर मात्र ठेवा. नंतर रीसायकल बिन रिकामी करा.
८. लपविलेल्या गोष्टी पुन्हा लपवा, साइन आउट व्हा, जुन्या खात्यात परत या, आणि सर्व सुरळीत चालते असे पाहिल्यावर ते तात्पुरते खाते काढून टाका.

जुन्या खात्यात प्रवेश करताच विंडोज तीच फाइल नव्याने, रिकामी अशी, निर्माण करील. ती पुन्हा दिसली म्हणून कृती फसली असे समजू नका. तिच्याशिवाय त्या यंत्रणेचे काम चालत नाही.

विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ असलेल्या यंत्रासाठीही तत्त्व हेच. एक्सपीमध्ये 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' मधील तुमच्या नावाखाली 'कुकीज', तसेच 'लोकल सेटिंग्ज' च्या पोटातील 'हिस्टरी' आणि 'टेम्पररी इंटरनेट फाइल्स' या ठिकाणी 'इंडेक्स डॉट डॅट' सापडतात. यांतील शेवटच्या दोहोंच्या आतील फोल्डर साध्या पाहणीत दिसत नाहीत, त्यांचा पत्ता वरच्या पट्टीत स्वतः टंकावा लागतो. मात्र एक्सपीला सुरक्षेचा आधार देणे मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले आहे. एक्सपी किंवा विंडोज ७ वर जो वाचक अद्यापि बँकेचे व्यवहार करतो, त्याने नोंदी पुसण्याची चिंता बाजूस ठेवून ते व्यवहार त्या यंत्रावरून आजच बंद करावेत.

'सेफ मोड' मधून ही फाइल जाते असा सल्ला सर्रास दिला जातो. तो बिनचूक नाही; आपल्याच खात्याने सेफ मोडमध्ये शिरल्यास डेस्कटॉप दाखविणारा प्रोग्राम तेथेही चालू असतो. शिवाय अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क सांकेतिक लिपीत बंद केलेली असते आणि सेफ मोडकडे वळताच 'बिटलॉकर रिकव्हरी की' मागितली जाते. ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली जवळ नसेल तर आपल्याच संगणकाबाहेर आपण अडकून पडतो. या मार्गाने जावयाचेच असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेली ती किल्ली आधी कागदावर उतरवून घ्या.

हानी होते ती कोठे

सर्वांत गंभीर चूक नावसाधर्म्याने होते. तुमच्या नावाच्या फोल्डरातच 'एनटीयूजर डॉट डॅट' नावाची आणखी एक लपविलेली, कुलूपबंद फाइल असते. शेवटी 'डॅट' पाहून काही जण दुसऱ्या खात्यातून तीही काढतात. ती भ्रमणनोंद नव्हे. तुमच्या खात्याची समग्र मांडणी, प्रोग्रामांच्या आवडीनिवडी आणि विंडोजचे तुमच्याविषयीचे सारे ज्ञान तिच्यात असते. ती गेली की खाते उघडत नाही, किंवा कोरे होऊन उघडते. 'यूएसआरक्लास डॉट डॅट' ला आणि विंडोजच्या 'सिस्टम ३२' या फोल्डरातील कोणत्याही फाइलीला हेच लागू. नाव अक्षरशः जुळल्याखेरीज हात लावू नका.

दुसरा धोका साफसफाईच्या आणि कुलूप काढण्याच्या फुकट अवजारांचा. त्यांतील कित्येक आपल्याबरोबर जाहिरातींचे आगंतुक प्रोग्राम आणतात. नामांकित अवजार घेतले म्हणजे निर्धास्त झालो असेही नाही: २०१७ साली 'सीक्लीनर' या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामच्या ५.३३ या आवृत्तीतच हल्लेखोरांनी विषारी भाग घुसविला, आणि प्रकार उघडकीस येईपर्यंत ती बावीस लाखांहून अधिक संगणकांवर गेली होती. फाइल पुढच्या वेळी संगणक सुरू होताना काढण्याचा हुकूम लिहून ठेवण्याची तजवीज विंडोजमध्ये मुळातच आहे, आणि त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच 'सिसइंटर्नल्स' या संग्रहात 'मूव्हफाइल' नावाचे लहानसे अवजार मिळते. ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची सवय आहे त्यांनीच ते वापरावे. इतरांना दुसऱ्या खात्याची रीत पुरेशी आहे.

दूरध्वनीवरून 'तुमच्या संगणकात घातक नोंदी सापडल्या आहेत' असे सांगून दूरस्थ ताबा मागणाऱ्या इसमास तो कधीही देऊ नका. मायक्रोसॉफ्ट अशा रीतीने कोणास दूरध्वनी करीत नाही.

फाइल गेली, नोंदी उरल्या

या एका फाइलीवर सारे लक्ष खिळल्याने वाचकांचा असा ग्रह होतो की ती गेली म्हणजे आपला माग पुसला. तसे घडत नाही, आणि पुढील ठिकाणे ठाऊक असली तर निष्फळ खटाटोप वाचेल.

- गूगलचे खाते. खात्यात प्रवेश करून केलेले शोध संगणकावर नव्हे, गूगलकडे साठतात. 'माय ॲक्टिव्हिटी' या पानावर ते पाहता व पुसता येतात, आणि ३, १८ किंवा ३६ महिन्यांपूर्वीचे आपोआप पुसले जावे अशी आज्ञाही देऊन ठेवता येते. 'सिंक' चालू असेल तर संगणकावर पाहिलेले पान त्याच खात्याच्या मोबाइलवरही दिसते. पुष्कळांची गुपिते फुटतात ती या वाटेने.
- इंटरनेट सेवादाते आणि संकेतस्थळे. त्यांच्याकडील दप्तर तुमच्या हाती नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सेवादात्यांनी व कंपन्यांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवावयाच्या असतात. कंपनीकडील आपली वैयक्तिक माहिती पुसून मागण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात दिला आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे, आणि कायद्याने जतन करावयाच्या नोंदींना तो लागू होत नाही.
- संगणकाची स्वतःची डिस्क. डिलीट केलेल्या फाइलीची जागा नव्या मजकुराने भरेपर्यंत जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमधून ती परत काढता येते. विंडोजच्या 'रिस्टोर पॉइंट' मध्येही तिची जुनी प्रत राहिलेली असण्याची शक्यता असते.

गुप्त खिडकी, म्हणजे 'इनकॉग्निटो', ही त्या यंत्रावरील ब्राउझरची हिस्टरी लिहीत नाही, एवढेच. सेवादाता आणि कार्यालयाचे जाळे यांना तुम्ही कोठे गेलात ते पूर्ववत दिसते.

येथे एका विशिष्ट वाचक भगिनीसाठी चार ओळी. घरातील छळामुळे कायदेशीर साहाय्य किंवा निवारा शोधणाऱ्या स्त्रीने सर्व हिस्टरी एकदम पुसू नये. रिकामी हिस्टरीच संशय उत्पन्न करते. हिस्टरीचे पान उघडून नेमक्या त्याच नोंदी एकेक करून काढाव्यात, आणि त्याहून उत्तम म्हणजे घरचे यंत्र न वापरता विश्वासू मैत्रिणीच्या दूरध्वनीवरून १८१ या महिला साहाय्य क्रमांकाशी बोलावे. तातडीचा प्रसंग असेल तर ११२.

दुकानातल्या संगणकावर

वसई स्टेशनाजवळच्या किंवा गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात आपण सातबारा, आधार, गुणपत्रिका छापावयास जातो तेव्हा कुलूपबंद फाइलीकडे पाहण्याचे कारणच नाही. तेथे धोका उघड्यावर असतो. छापलेले आधारपत्र दुकानाच्या डाउनलोड्स फोल्डरात महिनोन् महिने पडून राहते. निघण्यापूर्वी ती फाइल काढावी, रीसायकल बिनमधूनही काढावी, आणि दुकानदारास तसे सांगूनच काढावी. ग्राहकाने आपलीच फाइल काढण्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. संगणकाच्या सामाईक नोंदींना मात्र हात लावू नये. व्हॉट्सॲप वेब उघडून छापावयाचे पाठविले असेल तर आपल्या मोबाइलवरील 'लिंक्ड डिव्हाइसेस' मध्ये जाऊन ते यंत्र तेथल्या तेथे तोडावे. जीमेल उघडे राहिल्याचे घरी आल्यावर आठवले, तर गूगल खात्यातील 'सिक्युरिटी' या भागातील 'युअर डिव्हाइसेस' येथून दूरवरच्या त्या यंत्रावरील प्रवेश रद्द करता येतो.

एका घरात एक संगणक असेल तर

आमच्या मते, ज्या घरातून ही पृच्छा येते त्या बहुतेक घरांना पुसण्याच्या कृतीपेक्षा खात्यांच्या वाटणीची गरज असते. आजोबा, सून, नातू यांना प्रत्येकी स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र पासवर्ड द्या. एकच मनुष्य ॲडमिनिस्ट्रेटर असू द्या, बाकीचे 'स्टँडर्ड'. प्रत्येकाची हिस्टरी, कुकीज, वेबकॅश ही त्याच्या त्याच्या फोल्डरात राहतात आणि साध्या वापरकर्त्यास दुसऱ्याच्या फोल्डरात प्रवेश मिळत नाही. यास अर्धा तास लागतो, पैसा काहीच लागत नाही, आणि नंतर कुलूपबंद फाइलीचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. अल्पवयीन मुलांसाठी वेगळे खाते करून त्यावर कुटुंबाची मर्यादा घालता येते; मुलाच्या नकळत त्याच्या नोंदी उकरण्यापेक्षा ती मर्यादा त्याला सांगून घालणे आम्ही अधिक योग्य मानतो.

यंत्र विकताना किंवा देऊन टाकताना

एकेक फाइल काढीत बसू नका. हवी ती कागदपत्रे व छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घेतल्यावर, विंडोज १० किंवा ११ मध्ये 'रीसेट धिस पीसी' येथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि 'चेंज सेटिंग्ज' मध्ये 'क्लीन डेटा' हा पर्याय चालू करा. यास कित्येक तास लागू शकतात, तेव्हा लॅपटॉप विजेला जोडूनच ठेवा आणि पावसाळ्यात वीज जाण्याचा संभव असेल त्या दिवशी हे काम काढू नका. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातील यंत्रांच्या यादीतूनही तो संगणक वगळा. एक्सपीच्या काळातील यंत्र भंगारात द्यावयाचे असेल तर चार स्क्रू काढून त्यातील हार्ड डिस्क आपल्याजवळ ठेवून घ्यावी आणि उरलेले यंत्र ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत संग्राहकाकडे द्यावे.